फुटलेले तावदान घरच्या घरी कसे बसवावे

वैशाखातील दुपारी अचानक वावटळ उठते, उघडी राहिलेली खिडकी चौकटीवर आपटते आणि तावदानाची काच तडकते. शेतकऱ्याच्या घरी हा प्रसंग नवीन नाही. काच फुटली की त्या जागी पुठ्ठा, गोणपाट किंवा खताच्या रिकाम्या पोत्याचा तुकडा कोंबला जातो आणि "तालुक्याला गेलो म्हणजे सुताराला सांगू" असे ठरते. नांगरट, शेणखताची वाहतूक, बियाण्यांची जुळवाजुळव या धांदलीत सुताराकडे जाणे राहून जाते. पुढे वळीव येतो, पाठोपाठ मृग लागतो आणि पुठ्ठा भिजून गळून पडतो.

राहत्या खोलीत एवढ्याने फारसे बिघडत नाही. परंतु ज्या खोलीत धान्य व बियाणे ठेवलेले असते, तेथे हीच भगदाडाएवढी जागा मोठ्या नुकसानीस कारण होते. सोयाबीनचे उदाहरण घ्यावे. महाराष्ट्रात अनेक शेतकरी सोयाबीनचे घरचेच बियाणे राखून ठेवतात. या बियाण्याचे टरफल पातळ व नाजूक असल्यामुळे ओल, उष्णता आणि आदळआपट यांमुळे त्याची उगवणशक्ती इतर धान्यांपेक्षा लवकर कमी होते. हेक्टरी ७५ किलो बियाणे वापरण्याची शिफारस किमान ७० टक्के उगवण गृहीत धरून केलेली आहे. खिडकीतून आलेल्या पावसाच्या शिडकाव्याने पोती दमट झाली आणि उगवण ७० टक्क्यांवरून ५० टक्क्यांवर आली, तर शेतात रोपे विरळ उगवतात व दुबार पेरणीची पाळी येते. दुबार पेरणी म्हणजे बियाण्याचा खर्च पुन्हा, मजुरी पुन्हा आणि गेलेली वाफ कधीच परत नाही. भुईमुगाच्या व मक्याच्या साठ्यास ओल लागल्यास त्यावर बुरशी वाढून अफ्लाटॉक्सिन हे विष तयार होऊ शकते, ते वेगळेच. शिवाय चिमण्या, उंदीर व घुशी यांना घरात शिरण्यास वाट मोकळी होते.

शेताचा बांध एका ठिकाणी फुटला की शेतकरी त्याच दिवशी तेथे माती टाकतो, कारण पुढील पावसात काय होईल हे त्याला ठाऊक असते. घराच्या खिडकीविषयीही तशीच दक्षता हवी. लाकडी खिडकीचे तावदान बदलणे हे काम अवघड नाही. ज्याला खुरप्याची मूठ बसविता येते आणि गाडीच्या साटीत खिळा ठोकता येतो, त्याला हे काम अर्ध्या दिवसात सहज जमते. मात्र त्यातील क्रम आणि काळजी यांची माहिती हवी.

खिडकीची ओळख

भिंतीत पक्की बसविलेली असते ती चौकट. चौकटीस बिजागरीने जोडलेली, उघडझाप होणारी असते ती झडप. झडपेच्या लाकडी आडव्या-उभ्या पट्ट्यांमध्ये जे काचेचे चौकोन असतात, त्यांस तावदाने म्हणतात. काच ज्यात बसते ती पायरीसारखी कोरलेली जागा म्हणजे खाच. ही खाच बहुधा झडपेच्या बाहेरच्या अंगास असते. काच खाचेत टेकवून बारीक चुकांनी अडकवितात आणि वर लांबीचा उतरता लेप देतात. लांबी म्हणजे खडूची भुकटी व जवसाचे तेल मळून केलेला लगदा. काही खिडक्यांत लांबीऐवजी लाकडाच्या बारीक पट्ट्या ठोकून काच धरलेली असते.

या लेखात प्रामुख्याने लांबीच्या लाकडी खिडकीची रीत दिली आहे. पट्टीच्या व लोखंडी खिडकीतील फरक शेवटी सांगितला आहे. ॲल्युमिनिअमच्या सरकत्या खिडकीत काच रबराच्या पट्टीत बसविलेली असते व त्यासाठी चौकट उकलावी लागते. ते काम त्यातील कारागिराकडूनच करून घेणे बरे.

लागणारे साहित्य व हत्यारे

एका तावदानासाठी पुढील वस्तू जमवाव्यात :

१. मापाप्रमाणे कापून आणलेली काच.
२. लांबी, सुमारे पाव किलो.
३. अर्ध्या इंचाच्या बारीक चुका, दहा-बारा.
४. जुनी बोथट पटाशी, हलकी हातोडी व पकड.
५. लांबी सारखी करण्यासाठी पातळ पात्याची सुरी.
६. मोजपट्टी, गुण्या व पेन्सिल.
७. काचकागद, लहान ब्रश, लाकडाचा अस्तर-रंग व वरचा तेलरंग.
८. जाड कातडी हातमोजे, डोळ्यांस चष्मा व पायांत बंद जोडे.

शेवटच्या ओळीतील वस्तू सर्वांत महत्त्वाच्या आहेत. हातमोजे नसल्यास गोणपाटाच्या दोन घड्या हातात धराव्यात. पण उघड्या हाताने फुटक्या काचेस स्पर्श करू नये. फवारणीच्या वेळी वापरावयाचा चष्मा येथे उपयोगी पडतो.

काच फुटल्याबरोबर काय करावे

प्रथम मुलांना व जनावरांना त्या जागेपासून दूर करावे. मोठे तुकडे हातमोजे घालून उचलावेत, लहान तुकडे खराट्याने एकत्र करावेत आणि उरलेला चुरा ओल्या फडक्याने किंवा मळलेल्या कणकेच्या गोळ्याने टिपून घ्यावा. कणकेचा तो गोळा काचेसह टाकून द्यावा. तो जनावरांपुढे टाकू नये.

खिडकी गोठ्याजवळ असेल तर खालचा कडबा व गव्हाणीतील वैरण काढून टाकावी. जनावर वैरण नीट न चावता गिळते. गिळलेला खिळा, तार किंवा चूक पोटाच्या जाळीदार कप्प्यात अडकते व तेथून पडदा भेदून हृदयापर्यंत पोहोचू शकते. दुभती गाय अशा रीतीने गमावण्याचा प्रसंग एका लहान चुकेमुळे येतो. म्हणून काम सुरू करताना चुका मोजून घ्याव्यात आणि काम संपल्यावर जुन्या व उरलेल्या चुका पुन्हा मोजून डबीत ठेवाव्यात.

काचेचे तुकडे उकिरड्यावर कधीही टाकू नयेत. काच कुजत नाही. ती शेणखताबरोबर शेतात जाते आणि दोन वर्षांनी खुरपणाऱ्या बाईच्या हातात किंवा अनवाणी नांगरणाऱ्याच्या पायात शिरते. तुकडे जाड कागदात गुंडाळून बंद डब्यात ठेवावेत व भंगारवाल्यास सांगून द्यावेत. ते शक्य नसल्यास वहिवाटीपासून दूर खोल खड्ड्यात पुरावेत.

कोणास काच लागल्यास जखम स्वच्छ पाण्याने धुऊन स्वच्छ फडक्याने दाबून धरावी. काचेचा मोठा तुकडा आत रुतला असेल तर तो ओढून काढू नये. बाजूने दाब देऊन जखमी माणसास दवाखान्यात न्यावे. धनुर्वाताच्या प्रतिबंधक सुईविषयी डॉक्टरांस अवश्य विचारावे.

नवी काच येईपर्यंत मोकळ्या जागेवर बाहेरच्या अंगाने प्लास्टिकचा जाड कागद लावून त्याच्या चारी कडांवर लाकडी पट्ट्या ठोकाव्यात. आतून लावलेला कागद वाऱ्याने फुगतो व पाणी खाचेत साचून लाकूड कुजते. बियाण्याची पोती तेवढ्या दिवसांपुरती खिडकीपासून व भिंतीपासून दूर, लाकडी फळ्यांवर ठेवावीत.

फुटकी काच व जुनी लांबी काढणे

शक्य असेल तर बिजागरीचे स्क्रू काढून झडप खाली उतरवावी आणि ओट्यावर गोणपाट अंथरून त्यावर आडवी ठेवावी. बाहेरची बाजू वर असावी. शिडीवर उभे राहून काम करण्यापेक्षा हे सोपे व निर्धोक आहे. झडप उतरविणे शक्य नसेल तर काचेवर दोन्ही अंगांनी चिकटपट्टीच्या आडव्या-उभ्या पट्ट्या लावाव्यात, म्हणजे तुकडे सुटून पडत नाहीत.

सैल झालेले तुकडे वरच्या कडेपासून सुरुवात करून एकेक ओढून काढावेत. खालचे तुकडे आधी काढल्यास वरचा तुकडा हातावर घसरून पडतो. घट्ट बसलेला तुकडा पिळू नये. त्याच्या भोवतीची लांबी आधी काढावी.

जुनी लांबी दगडासारखी कठीण झालेली असते. पटाशी लाकडाशी समांतर धरून हातोडीने हलके ठोके द्यावेत. पटाशी तिरपी धरल्यास खाचेचे लाकूड निघते व पुढे नवी काच नीट टेकत नाही. लांबी फारच कठीण असल्यास तिच्यावर जवसाचे तेल लावून रात्रभर ठेवावे. त्यामुळे ती थोडी मऊ पडते. जुन्या चुका पकडीने उपटाव्यात.

येथे एक गोष्ट विसरू नये. जुन्या घरांतील रंगांत शिसे असण्याचा संभव असतो. भारतात घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांपेक्षा अधिक नसावे असा नियम २०१६ साली झाला व तो नोव्हेंबर २०१७ पासून अमलात आला. त्यापूर्वी दिलेल्या रंगाची खात्री देता येत नाही. शिसे लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीस अपायकारक असते. म्हणून जुना रंग कोरडा घासू नये. पाण्याने ओला करून मग खरवडावा. तोंडाला फडके बांधावे, लहान मुले व गरोदर स्त्रिया यांना जवळ येऊ देऊ नये, निघालेला चुरा कागदात गोळा करून काढावा आणि काम झाल्यावर हात धुतल्याशिवाय काही खाऊ नये.

खाच स्वच्छ झाल्यावर लाकूड तपासावे. नखाने दाबल्यावर मऊ लागणारा भाग कुजलेला समजावा. असा भाग अल्प असल्यास काढून टाकून लाकडाचा तुकडा बसवावा. खालची पट्टी पूर्ण कुजली असल्यास प्रथम सुताराकडून ती बदलून घ्यावी. कुजलेल्या लाकडात बसविलेली काच एक पावसाळाही टिकत नाही. त्यानंतर खाचेस अस्तर-रंगाचा एक हात द्यावा व तो वाळू द्यावा. ही पायरी बरेच जण गाळतात. कोरडे लाकूड लांबीतील तेल शोषून घेते. मग लांबी भुसभुशीत होऊन वर्षभरात सुटते. तिला तडे जाण्याचे खरे कारण बहुधा हेच असते.

काचेचे माप घेणे

सर्व कामात चूक होण्याचा अधिक संभव येथेच असतो. जुनी काच मोजू नये. रिकामी खाच मोजावी. उंची डावीकडे, मध्ये व उजवीकडे अशी तीन ठिकाणी आणि रुंदी वर, मध्ये व खाली अशी तीन ठिकाणी मोजावी. प्रत्येकातील सर्वांत लहान माप धरावे व त्यातून ३ मिलिमीटर वजा करावेत. त्यायोगे प्रत्येक बाजूस सुमारे दीड मिलिमीटर मोकळीक राहते. लाकूड पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात आकसते. मोकळीक न ठेवल्यास फुगलेले लाकूड काचेस चेपते आणि कोणी हात न लावताही ती एके दिवशी तडकते.

उदाहरणार्थ, एका खाचेची उंची ४५.४, ४५.२ व ४५.३ सेंटिमीटर भरली आणि रुंदी ३०.५, ३०.३ व ३०.४ सेंटिमीटर भरली. लहान मापे ४५.२ व ३०.३. प्रत्येकातून ०.३ सेंटिमीटर वजा करता काच ४४.९ × ३०.० सेंटिमीटर हवी.

दुकानात मापे अनेकदा इंच व सुतांत सांगतात. एक इंच म्हणजे २.५४ सेंटिमीटर आणि एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, अर्थात सुमारे ३ मिलिमीटर. घोटाळा टाळण्यासाठी माप कागदावर लिहून न्यावे व त्यापुढे 'वजावट केलेली आहे' असे नमूद करावे. नाहीतर दुकानदार आणखी एक सूत कमी करतो आणि काच खाचेत खुळखुळते.

खाच काटकोनात आहे किंवा नाही हे पाहण्यासाठी एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत दोन्ही तिरपी मापे घ्यावीत. ती सारखी आल्यास चौकोन बरोबर आहे. फरक ३ मिलिमीटरपेक्षा अधिक असल्यास जाड पुठ्ठ्याचा नमुना कापून तो खाचेत बसवून पाहावा व तोच दुकानात न्यावा.

वरील आकाराच्या तावदानास ३ मिलिमीटर जाडीची साधी काच पुरते. मोठ्या किंवा वाऱ्याच्या तोंडावरील तावदानास ४ मिलिमीटर जाडीची घ्यावी. काचेचे वजन दर चौरस मीटरला, दर मिलिमीटर जाडीस अडीच किलो असते. त्या हिशेबाने उदाहरणातील काच सुमारे एक किलो भरते. जाड काच जड असते. जुनी बिजागरी ढिली असल्यास आधी तिचे स्क्रू बदलावेत.

काच दुकानातच कापून घ्यावी. घरी हिरकणीने कापावयाची झाल्यास सरळ पट्टीच्या आधाराने एकच अखंड रेघ ओढावी. त्याच रेघेवर दुसऱ्यांदा हिरकणी फिरविल्यास काच वेडीवाकडी फुटते. कडक केलेली, म्हणजे टफन्ड काच मात्र कापताच येत नाही; तिला हिरकणी लावल्यास तिचा चुरा होतो. काच घरी आणताना ती उभी धरावी, आडवी धरू नये. मोटारसायकलवर मागे बसणाऱ्याने उघडी काच मांडीवर घेऊन येणे धोक्याचे आहे. दोन फळ्यांमध्ये बांधून आणावी.

लांबी तयार करणे

तयार लांबी रंगाच्या दुकानात मिळते. ती मागताना खिडकीच्या काचेसाठी हवी असे स्पष्ट सांगावे. बाजारात 'पुट्टी' या नावाने मिळणारी भिंतीची पांढरी भुकटी सिमेंटची असते. ती कठीण व ठिसूळ होते, लाकडाबरोबर हलत नाही आणि काच सोडून देते. ती येथे उपयोगाची नाही.

घरी लांबी करावयाची असल्यास २१५ ग्रॅम खडूची बारीक भुकटी चाळून घ्यावी व तीत सुमारे ३५ ग्रॅम जवसाचे उकळलेले तेल थोडेथोडे घालून मळावे. अशी पाव किलो लांबी एका तावदानास पुरते. फळ्यावर लिहिण्याचे खडू पुष्कळदा जिप्समचे असतात. ते वापरू नयेत. पोळीच्या कणकेप्रमाणे मऊ, पण बोटास न चिकटणारी लांबी चांगली. चिकटल्यास भुकटी वाढवावी, तडकत असल्यास दोन-चार थेंब तेल घालावे. मळल्यावर प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवावी.

जवसाचेच तेल का, असा प्रश्न साहजिक आहे. विदर्भात जवसाचे पीक पूर्वापार घेतले जाते व त्याचे तेल खाण्याबरोबरच रंगकामातही वापरले जाते. हे तेल हवेतील प्राणवायू शोषून हळूहळू घट्ट होते. भुईमुगाचे किंवा खोबऱ्याचे तेल तसे घट्ट होत नाही. त्या तेलाची लांबी कायम ओलीच राहते व उंदीर ती कुरतडतात.

परंतु याच गुणातून एक धोका उत्पन्न होतो. जवसाचे तेल प्राणवायू शोषताना उष्णता बाहेर टाकते. तेलाने माखलेल्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकल्यास ती उष्णता आत साठते आणि ठिणगी न पडताही चिंध्या पेट घेऊ शकतात. जेथे कडब्याची गंजी व धान्याची पोती जवळ असतात, तेथे हा धोका लहान समजू नये. अशा चिंध्या पाण्यात बुडवून ठेवाव्यात किंवा अंगणात एकेक पसरून वाळवाव्यात व मगच टाकाव्यात.

काच बसविणे

१. लांबीची करंगळीहून बारीक वळी करून ती खाचेच्या आतल्या पायरीवर चारी बाजूंनी सलग दाबावी. हा लेप सुमारे ३ मिलिमीटर जाड असावा. यास बैठक म्हणतात. बैठक न देता काच थेट लाकडावर टेकवल्यास वाऱ्याने ती वाजत राहते व पाणी आत झिरपते.

२. खालच्या खाचेत पुठ्ठ्याचे दोन बारीक तुकडे ठेवावेत, म्हणजे काच मध्यभागी राहते. काच आधी खालच्या कडेवर टेकवावी व मग हळूहळू वर लावावी.

३. काच कडेकडेने बोटांनी दाबावी. मध्यभागी कधीही दाब देऊ नये. बैठक दबून सुमारे दीड ते दोन मिलिमीटर उरली आणि आतल्या बाजूने जादा लांबी बाहेर आली म्हणजे काच नीट बसली असे समजावे.

४. आता चुका ठोकाव्यात. दोन चुकांमध्ये सुमारे १५ सेंटिमीटर अंतर ठेवावे. उदाहरणातील तावदानास उभ्या बाजूंस तीन-तीन व आडव्या बाजूंस दोन-दोन, अशा एकूण दहा चुका लागतात. चूक काचेला समांतर धरून तिचा निम्मा भाग लाकडात जाईल एवढीच ठोकावी. हातोडी वर उचलून मारू नये. काचेवर पुठ्ठा ठेवून हातोडीची बाजू त्यावरून सरकवीत हलके ठोके द्यावेत. चूक काचेला टेकलेली असावी, दाबणारी नसावी.

५. लांबीची दुसरी, थोडी जाड वळी बाहेरच्या अंगाने खाचेत भरावी व अंगठ्याने घट्ट दाबावी. मध्ये पोकळी राहू देऊ नये.

६. सुरीचे पाते तिरपे धरून एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत एकाच दमात ओढावे. काचेकडून लाकडाकडे उतार यावा, म्हणजे पावसाचे पाणी थांबत नाही. पाते चिकटत असल्यास पाण्यात बुडवून घ्यावे. उताराची वरची कड आतल्या लाकडाच्या कडेपेक्षा किंचित खाली असावी. त्यामुळे घरातून पाहता लांबी दिसत नाही.

७. आतून बाहेर आलेली लांबी सुरीने कापून घ्यावी. काचेवरील तेलाचे डाग कोरड्या खडूच्या भुकटीने पुसावेत. नवी काच पहिले काही दिवस जोराने घासू नये.

८. झडप परत लावल्यावर दोन दिवस ती आपटणार नाही अशी काळजी घ्यावी.

रंग देणे

एक ते दोन आठवड्यांत लांबीवर साय धरते. बोट दाबल्यावर ठसा उमटला नाही म्हणजे अस्तर व वर तेलरंगाचे दोन हात द्यावेत. रंग लांबीपुरता न थांबविता काचेवर सुमारे २ मिलिमीटर येऊ द्यावा. ही बारीक रेघच काच व लांबी यांमधील फटीत पाणी जाऊ देत नाही. रंगाविना उघडी राहिलेली लांबी उन्हाने तडकते व सारे श्रम वाया जातात.

यावरून कामाची वेळ ठरते. मृग नक्षत्र जूनच्या पहिल्या आठवड्याच्या अखेरीस लागते. लांबी वाळण्यास दोन आठवडे व रंगास दोन-तीन दिवस धरल्यास काच मे महिन्याच्या मध्यापर्यंत बसविलेली असावी.

पट्टीची व लोखंडी खिडकी

पट्टीच्या खिडकीत पट्ट्या मधल्या भागापासून पटाशीने हलकेच उचकटाव्यात. कोपऱ्यातून उचकटल्यास त्या मोडतात. प्रत्येक पट्टीवर वर, खाली, डावी, उजवी अशी खूण करून ठेवावी व काच बसविल्यावर त्याच जागी परत ठोकावी. बैठकीची लांबी येथेही द्यावी.

लोखंडी खिडकीत चुकांऐवजी तारेच्या चिमट्या असतात. त्या जपून काढून पुन्हा वापराव्यात. गंज तारेच्या ब्रशने काढून गंजरोधक अस्तर दिल्याशिवाय काच बसवू नये. लोखंड तेल शोषत नाही, म्हणून साधी लांबी येथे फार उशिरा घट्ट होते. दुकानात लोखंडी खिडकीसाठी निराळी लांबी मागावी.

नेहमी होणाऱ्या चुका

काच बसविताच तडकली, तर माप मोठे झाले, खाचेत जुन्या लांबीचा खडा राहिला किंवा चूक काचेवर दाबून ठोकली गेली, असे समजावे. पावसात पाणी आत आले, तर बैठक सलग नव्हती किंवा रंग काचेवर घेतला गेला नाही. लांबी सुटून पडली, तर खाचेस अस्तर दिले नव्हते. कारण शोधून मगच दुसरी काच आणावी. एरवी तीही तशीच फुटते.

तावदान मुळात का फुटले याचाही विचार व्हावा. पुष्कळ ठिकाणी झडपेस आकडी नसते किंवा असूनही ती लावली जात नाही. उघडी झडप भिंतीस अडकवून ठेवणारी एक आकडी काचेहून कितीतरी स्वस्त पडते. काच बसविली त्याच दिवशी आकडीही बसवावी.

गावात काम करणाऱ्यांसाठी

हे काम ऐकून येत नाही, पाहून व करून येते. गावकार्यकर्त्यांनी एप्रिल किंवा मे महिन्यात एखाद्या शाळेची, समाजमंदिराची किंवा बियाणे साठविलेल्या घराची फुटकी खिडकी निवडून तेथे प्रात्यक्षिक घ्यावे. उपस्थितांपैकी दोघांना माप घेण्यास, एकाला लांबी मळण्यास व एकाला चुका ठोकण्यास लावावे. स्त्रियांना अवश्य बोलवावे; धान्याच्या खोलीची देखभाल बहुधा त्यांच्याकडेच असते आणि लांबी मळण्याचा हात त्यांना सांगावा लागत नाही. हिरकणी, गुण्या व पटाशी ही हत्यारे बचतगटाने किंवा ग्रामपंचायतीने एकदाच घेऊन ठेवल्यास साऱ्या गावास पुरतात.

त्याच बैठकीत बियाण्याची उगवण तपासण्याची आठवणही द्यावी. प्रत्येक पोत्यातून थोडे थोडे बी घेऊन त्यातील १०० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून सावलीत ठेवावेत व गोणपाट ओलसर राखावे. आठवड्याभरात किती दाण्यांस चांगले कोंब आले ते मोजावे. सत्तर किंवा अधिक आल्यास बियाणे पेरणीयोग्य समजावे. कमी आल्यास बियाण्याचे प्रमाण त्या मानाने वाढवावे, आणि फारच कमी आल्यास ते पेरू नये.

पेरणीचा दिवस उजाडण्यापूर्वी शेतकरी तिफण दुरुस्त करतो, दोर तपासतो, बैलांची खांदेमळणी करतो किंवा ट्रॅक्टरचे तेल पाहतो. या यादीत बियाण्याच्या खोलीची खिडकी घालावी. एक हात लांबची काच, मूठभर लांबी व दहा चुका एवढ्याच साहित्यावर पुढील हंगामाचे बियाणे कोरडे राहते.